कुणी मोजलं? कशावरून? तुला कसं कळलं?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर करिअरवर वीस मिनिटं बोल." करिअरवर बोलणारे आपल्या बॅचमध्ये माझ्याहून मोठे लोक आहेत, आणि त्यातले दोघं आज इथे समोर बसलेत. म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. कॉलेजच्या पहिल्या वर्षात मी अभ्यास म्हणजे काय ते नव्याने शिकले, त्याची ही गोष्ट आहे. आता त्याला 'संशोधन' म्हणतात. तेव्हा आम्ही त्याला 'सेमिनारचं लचांड' म्हणायचो.

आधी एक कबूल करते. शाळेत मी हुशार होते म्हणजे माझं पाठांतर चांगलं होतं. भूगोलाच्या बाई इथे आहेत, त्यांना आठवत असेल, नकाशा मी डोळे मिटून काढायचे. पण तो नकाशा कुणी आणि कसा काढला असेल, हा प्रश्न मला दहा वर्षांत एकदाही पडला नाही. अपेक्षित प्रश्नसंचातली उत्तरं पाठ होती, त्यावर मार्क मिळत होते. उत्तर कुठून आलं हे विचारायचं कारणच नव्हतं.

१९९८ साली बारावी होऊन मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. एफ. ई.चं वर्ष. तिथे तर उतरवण्याचा कारखानाच होता. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय ते हसतायत, कारण त्यांना 'जीटी' आठवली. इतरांसाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर रेघा गिरवायच्या. जर्नलंही तशीच, सीनिअरकडून आलेली, पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. एका प्रयोगाचं रीडिंग आमच्या होस्टेलमध्ये किमान चार वर्षं तेच होतं, दशांश चिन्हासकट.

अशा वातावरणात आमच्या मेकॅनिक्सच्या सरांनी एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातला कुठलाही एक तांत्रिक विषय घ्यायचा, दहा पानं लिहायची आणि वर्गासमोर मांडायची. मी कराड-पाटणच्या पट्ट्यातली, म्हणून डोळे झाकून 'कोयनेचा भूकंप' घेतला. म्हटलं, घरचाच विषय आहे, आजीने शंभर वेळा सांगितलाय, दोन दिवसांत उरकेल.

आणि दोन दिवसांत उरकलाही. लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली, एकातला पहिला भाग, दुसऱ्यातला दुसरा भाग, शेवटी आजीची आठवण. अक्षर छान, मार्जिन आखलेलं, मथळे लाल शाईने. आठवड्याने सरांनी वही परत दिली. मार्क नव्हते. मार्जिनमध्ये पेन्सिलीने तीन प्रश्न होते आणि तेच तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक परिच्छेदासमोर लिहिलेले होते. "कुणी मोजलं? कशावरून? तुला कसं कळलं?"

मला राग आला. पुस्तकात छापलंय, म्हणून कळलं! आणखी काय पाहिजे? मी तावातावाने लायब्ररीत गेले, ती सरांना छापील ओळ दाखवायलाच. आणि तिथेच फसले.

भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण तीव्रता? एका पुस्तकात ६.३, दुसऱ्यात ६.५. माणसं किती गेली? एका ठिकाणी १७७, दुसरीकडे १८०, तिसरीकडे दोनशेच्या वर. मी माझ्या दहा पानांत एके ठिकाणी ६.३ आणि दुसऱ्या ठिकाणी ६.५ लिहून ठेवलं होतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. दोन पुस्तकांतून उतरवलं की असं होतं.

तेव्हा आमच्या लायब्ररीतल्या मॅडमनी मला एक गोष्ट शिकवली. ती आजही कामाला येते. त्या म्हणाल्या, "पुस्तक पुढून वाचतेस ना? आता मागून वाच." म्हणजे आधी संदर्भसूची बघायची. हा आकडा लेखकाने कुठून घेतला ते शोधायचं, मग ते दुसरं पुस्तक काढायचं, त्याच्याही मागे जायचं, अशी पायरी पायरीने विहिरीत उतरायचं. जिथे कुणीतरी स्वतः मोजलंय किंवा स्वतः पाहिलंय, तिथे तळ लागतो. लाकडी खणांतली कार्डं उलटत, झेरॉक्सचे पैसे मेसच्या बिलातून वाचवत मी तीन आठवडे उतरत राहिले.

पहिला धक्का मला असा बसला. ज्या दोन पुस्तकांचे आकडे जुळत होते, त्यांच्यावर मी खूश होते. दोघंही तेच म्हणतायत म्हणजे खरं असणार. मागे गेल्यावर कळलं की दोघांनीही एकाच तिसऱ्या ठिकाणाहून आकडा उचललाय. म्हणजे ते दोन साक्षीदार नव्हतेच. साक्षीदार एक, आणि त्याचं ऐकून सांगणारे दोन. आमच्या होस्टेलच्या जर्नलसारखंच! साठ जर्नलांत एकच रीडिंग असलं म्हणून प्रयोग साठ वेळा झालेला नसतो.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की आकडे वेगळे असले म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय असंच नाही. भूकंपाची तीव्रता मोजायच्या पट्ट्याच वेगवेगळ्या आहेत. रिश्टर यांची मूळ पद्धत १९३५ ची. पुढे पृष्ठभागावरच्या लाटांवरून मोजायची पद्धत आली, खोलातून येणाऱ्या लाटांवरून मोजायची आली, आणि खडक किती सरकला, किती मोठ्या भागात सरकला यावरून काढायचीही आली. एकाच भूकंपाला या पट्ट्या थोडे वेगळे आकडे देतात. म्हणून नुसतं ६.३ लिहून भागत नाही, कुठल्या पट्टीवर ते लिहावं लागतं. सरांचा 'कुणी मोजलं?' हा प्रश्न तेव्हा मला पहिल्यांदा समजला.

मग सर म्हणाले, "कोयनेचा भूकंप हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. तुझा प्रश्न काय आहे?" हा फरक मला शाळेत माहीत नव्हता. विषयावर निबंध लिहिता येतो, पण शोध घ्यायचा तर प्रश्न लागतो. खूप खाडाखोड करून मी प्रश्न लिहिला : कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला असं म्हणतात, ते कशावरून?

आपल्याकडे हे सगळ्यांना 'माहीत' असतं. चहाच्या टपरीवर विचारा. पण कशावरून, हे विचारलं की टपरी शांत होते. मला मिळालं ते असं. शिवाजीसागरात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि त्यानंतर परिसरात छोटे छोटे धक्के जाणवू लागले. जगात इतरत्रही मोठे तलाव भरल्यावर असं झालं होतं : आफ्रिकेत करिबा, ग्रीसमध्ये क्रेमास्ता, चीनमध्ये शिनफेंगजिआंग. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांचं 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हे १९७६ चं पुस्तक त्याच विषयावर आहे, आणि त्यात कोयनेला मोठी जागा आहे.

पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. पाणी साठण्याआधी तिथे धक्के नव्हते, की ते टिपणारं यंत्रच जवळपास नव्हतं? कारण धक्के जाणवू लागल्यावर यंत्रं बसवली गेली. न मोजलेली गोष्ट आणि नसलेली गोष्ट या दोन वेगळ्या आहेत. शिवाय धरणाने भूकंप 'घडवला' म्हणणं वेगळं आणि जमिनीत आधीपासून साठलेला ताण पाण्यामुळे लवकर सुटला म्हणणं वेगळं. अभ्यासक शब्द जपून वापरतात ते यासाठी. मी मात्र माझ्या पहिल्या वहीत ठोकून दिलं होतं, "धरणामुळेच भूकंप झाला." त्या वाक्यातल्या 'च'भोवती सरांनी गोल काढला होता.

आता आजीची गोष्ट.

शेवटच्या पानावर मी आजीची आठवण लिहिली होती. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी आजीला जाग आली, भिंत कोसळली, तिला वाटलं धरण फुटलं, आणि मुलांना घेऊन ती टेकडीकडे पळाली. चांगलं जमलं होतं ते. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी ते आजीला कौतुकाने वाचून दाखवलं.

आजी ऐकून म्हणाली, "आगं, घड्याळ कुणाकडं हुतं तवा? गाय हंबरली, मग हादरलं. येवढंच म्या सांगितलं. आन् धरण फुटलं आसं म्या कवा म्हनले? ते तुझा आज्जा म्हनला."

मी वेळ पुस्तकातून घेतली होती आणि आजीच्या तोंडात घातली होती. आजोबांचं वाक्य आजीच्या नावावर टाकलं होतं. टेकडी मी स्वतःच उभी केली होती, कारण तशी गोष्ट रंगत होती. खोटं बोलायचा माझा हेतू नव्हता. पण जिने सगळं सोसलं तिच्या साक्षीत मी भेसळ केली होती, आणि ती समोर बसलेली होती म्हणून मी पकडले गेले.

मग मी तिला नीट विचारलं. पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते त्याआधीच्या शंभर वेळांत कधी सांगितलं नव्हतं. तिची धाकटी नणंद त्या रात्री भिंतीखाली सापडली. तिला बाहेर काढलं तेव्हा जीव होता. बरेच दिवस अंथरुणावर होती, आणि संक्रांतीच्या आसपास गेली. मी वहीत लिहिलेला आकडा आजीने ऐकला होता. ती म्हणाली, "तुज्या त्या एकशे सत्त्याहत्तरात आमची पोर हाय का गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुण्याला परत गेल्यावर मी केसरीवाड्यातल्या ग्रंथालयात डिसेंबर १९६७ चे जुने अंक चाळले. पहिल्या दिवसाचा आकडा वेगळा, चार दिवसांनंतरचा वेगळा. ढिगारे उपसले जातील तसं मोजणं पुढे सरकत होतं. मोजणं कधी थांबलं, महिन्याने गेलेलं माणूस त्यात धरलं की नाही, हे मला सापडलं नाही. आकडे वेगळे का असतात याचं एक कारण मला पुस्तकाच्या आधी आमच्या घरातच मिळालं होतं. वहीच्या शेवटी मी लिहिलं : "मृतांचा आकडा १७७ पासून दोनशेच्या वरपर्यंत दिला जातो. जखमी होऊन नंतर गेलेल्यांना यात मोजलं आहे का, हे मला शोधूनही कळलं नाही." सरांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि लिहिलं, "हे तुझं आहे."

मार्क किती मिळाले विचाराल, तर २५ पैकी १६. माझ्या रूममेटने सगळा सेमिनार एका पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता, तिला दुसऱ्या सरांनी १९ दिले. तेव्हा मुलांनो, या कामाचे मार्क लगेच मिळतातच असं नाही. मला त्याचा उपयोग नोकरीत झाला. सॉफ्टवेअरमधला बग शोधणं म्हणजे हेच काम आहे. प्रोग्रॅम बंद पडला की दहा जण दहा कारणं सांगतात. त्यातलं कुणी पाहिलंय आणि कुणी ऐकलंय, हे आधी वेगळं करायचं. मग लॉग उघडून मागे मागे जायचं, जिथे चूक पहिल्यांदा झाली तिथपर्यंत.

आणि एक गंमत. बांधकामांवर पडणारे ताण काढणाऱ्या सॉफ्टवेअरशी माझं काम निगडित आहे. एके दिवशी अबॅकस नावाच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात उदाहरणं चाळत होते आणि समोर नाव आलं : कोयना धरण! भूकंपात काँक्रीटच्या धरणाला भेगा कशा पडतात याचं उदाहरण म्हणून आपलं १०३ मीटर उंचीचं धरण तिथे आहे. जगभरचे विद्यार्थी त्यावर हात बसवतात. असं का, तर त्या पहाटे धरणाच्या गॅलरीतलं एक यंत्र चालू होतं आणि त्याने जमिनीची हालचाल कागदावर उतरवली. वरच्या भागात भिंतीला भेगा गेल्या, धरण टिकलं, नंतर ते मजबूत केलं, आणि ती नोंद जगाला मिळाली. कुणी मोजलं? त्या यंत्राने. कशावरून? हा घ्या कागद. तीव्रता तिथे ६.५ लिहिली आहे. मी ऑफिसात एकटीच हसले.

आता तुमच्याविषयी बोलते. माझी भाची यंदा पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचाही मार्ग आहे, त्यामुळे प्रोजेक्ट लवकर सुरू होतात. तिने मला प्रोजेक्ट दाखवला. सुबक भाषा, शेवटी चार संदर्भ. मी जुन्या सवयीने मागून वाचायला लागले. दोन संदर्भ बरोबर होते. तिसऱ्याचं साल चुकलेलं. चौथा लेख जगात अस्तित्वातच नव्हता. नियतकालिकाचं नाव खरं, लेखकांची नावं शोभतील अशी, लेख मात्र नाही. तिने एआयला विचारलं होतं आणि त्याने ते करून दिलं होतं.

मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून सांगते. ही यंत्रं उपयोगी आहेत, मीही रोज वापरते. पण पुढे कोणता शब्द शोभेल, हे ठरवत ती लिहितात. मीही पहिल्या वहीत टेकडी उभी केली होती ती शोभली म्हणूनच. फरक इतकाच, की मला आजी भेटली. भाचीला मी रागावले नाही. फक्त विचारलं, "हा लेख तू पाहिलास का?" ती म्हणाली, "मावशी, सगळे असंच करतात." आमच्या होस्टेलचंच वाक्य, तीस वर्षांनी.

म्हणून पुढच्या दोन वर्षांनी कॉलेजात जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. विषय घेऊन थांबू नका, त्याचा एक छोटा प्रश्न करा. जे वाक्य टिपाल त्याच्यासमोर तेव्हाच लिहा, कुठल्या पुस्तकातून, कुठल्या पानावरून. नंतर लिहू म्हणाल तर सापडणार नाही. दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणचिन्हात घ्या आणि त्याचं नाव द्या. संदर्भसूचीत तेच लिहा जे स्वतः उघडून पाहिलंय. आम्हाला झेरॉक्सला पैसे पडायचे, तुम्हाला 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. माणसाला विचारलंत तर त्याचे शब्द त्याचेच ठेवा, आणि लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवा. शोधूनही जे कळलं नाही ते कळलं नाही असं लिहा.

शेवटी माझ्या बॅचला एक विनंती. भूकंपाला जवळजवळ साठ वर्षं होत आली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज सत्तरीला टेकलंय. आपल्या प्रत्येकाच्या घरात, भावकीत अजून कुणीतरी आहे ज्याने ती पहाट पाहिली. शास्त्रज्ञ कोयनेच्या जमिनीखाली खोल भोकं पाडून अभ्यास करतायत, कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे. जमिनीखालचं ते बघतील. जमिनीवरचं कोण लिहून ठेवणार? दहावीच्या मुलांनी एकेका आजी-आजोबांपाशी बसावं, विचारावं आणि लिहावं. साहेब, बाई, परवानगी असेल तर त्यासाठी मी एक वही आणली आहे, ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.

पहिलं पान मी भरलंय. आजी २००९ साली गेली, पण तेव्हाची माझी टिपणं जपून ठेवली होती. त्यात ४ वाजून २१ मिनिटं नाहीत. लिहिलंय : "पहाटे, गाय हंबरली त्यानंतर." आणि खाली तिच्या नणंदेविषयी, आजीच्याच शब्दांत.